दोनशे छप्पन्न चौकोनांचं म्हसावद

माती ही माणसाची आई असते, आणि आईचा रंग ठरवण्याचा अधिकार लेकरांना नसतो.

हे वाक्य करणसिंग गिरासे यांनी म्हसावदला हेमकांत पाटलांच्या ओसरीवर उभं राहून उच्चारलं, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी टोप्या सरळ केल्या. मग करणसिंगांनी बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून आपल्या वावरातली मूठभर माती काढली, स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि म्हणाले, "हाई ले, पोर. पण जरासा काया रंग लाव. फोटूमा फिक्की दिसी ऱ्हायनी."

ही पोर म्हणजे हेमकांत पाटलांची रुचिका. शहाद्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. कॉम्प्युटर होऊन तिला दोन वर्षं झाली होती, आणि ही दोन वर्षं ती घरी बसून ठोकळे रंगवत होती.

जगात एक खेळ आहे. त्यात सगळंच ठोकळ्यांचं असतं: डोंगर, झाडं, गाई, पाणीसुद्धा. खेळणारा ठोकळे फोडतो, उचलतो, त्यांची घरं बांधतो. ज्यांचं तेवढ्यावर भागत नाही ते खेळात आपल्या पदरचं काहीतरी घालतात. त्याला मॉड म्हणतात. ज्यांना तेही पुरत नाही ते प्रत्येक ठोकळ्याचं कातडं बदलतात. त्याला टेक्स्चर पॅक म्हणतात. आत ठोकळा तोच, वरून अंग वेगळं. निवडणुकीच्या आधी पंचायतीच्या इमारतीला रंग देतात तसंच हे, फक्त ह्यात मेहनत असते.

नवापूरकडच्या डोंगरात राहणाऱ्या सॅम्युअल गावितनं 'डोंगरपट्टी' नावाचं मॉड केलं होतं. त्यात मोहाची झाडं होती, कुडाची घरं होती, चर्चच्या घंटेला ओढायला दोरी होती. पोर्तुगालपासून फिलिपिन्सपर्यंतची मंडळी त्या मोहाखाली वाकून फुलं वेचत. रुचिकानं ते पाहिलं आणि तिला तीन दिवस नीट जेवण गेलं नाही. डोंगरवाल्यांचा मोह जगभर पोचतो आणि आपली केळी रावेरच्या पुढे कोणाला माहीत नाही, हे तिला सहन होईना. तिनं मैदानाचा पॅक करायला घेतला. वाऱ्यानं फाटलेलं केळीचं पान, उसाची कांडी, कापसाच्या गाठीवरची पट्टी, प्रकाशा गावातल्या देवळाचा काळा दगड, सगळं ठिपक्याठिपक्यानं.

आणि मग सॅम्युअलनं जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीत डोंगर उतरून मैदान येणार. मैदानाचं कातडं ज्याचं सगळ्यांत चांगलं, त्याचा पॅक मॉडमध्ये जाईल, आणि खेळ उघडताना त्याचं नाव सॅम्युअलच्या नावाखाली दिसेल. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवा. निकाल मंगळवारी.

हेमकांतना हे कळलं तेव्हा त्यांनी आपला निकाल आधीच लावून ठेवला. "मंगळवारले तुन्हं नाव उनं, त बठ आखो ठोकळा रंगाडत. मी काहीच सांगाव नही. नही उनं, त बुधवारथून चुनीलालनी डेअरी."

चुनीलालच्या डेअरीत सकाळी पाचला दुधाची फॅट काढायला माणूस हवा होता. रुचिकाचं दुधाशी वैर नव्हतं. पण फॅटच्या मशीनवर एकच आकडा येतो आणि त्याला रंग नसतो.

बुधवारी तिचं फक्त दोन गोष्टींवाचून अडलं होतं: माती आणि गवत. तिनं घरच्या वावरातली मूठभर माती आणली, पांढऱ्या ताटलीत ठेवली, मोबाईलवर फोटो काढला आणि त्यातले रंग उचलून ठोकळ्यावर लावले. हेमकांत चहा पीत मागून बघत होते. ते दोन वर्षांत पहिल्यांदाच बघत होते.

"हाई कोनी माती शे?"

"आपलीच, बाबा."

"आपली? आपली माती आशी? हाई त बरड दिसस."

"फोटोत तशीच उनी."

"फोटूले काय समजस? हाई वरनी शे, सुकेल. एक हात खोलनी लई येस, थांब."

ते गेले आणि खालची माती घेऊन आले. मग ओली घेऊन आले. मग विहिरीकडची. दुपारपर्यंत ओसरीवर पाच ताटल्या झाल्या आणि रुचिकाची आई चारुलता दारात येऊन उभी राहिली. "मन्ह्या बठ्ठ्या ताटल्या मातीमा गयात. पाव्हना उनात त काय ढेकूळ वाढू?"

हेमकांतना एखादी गोष्ट पटली की ती त्यांच्या पोटात राहत नाही. संध्याकाळी पानटपरीवर त्यांनी सांगितलं की आपली माती जगभर जाणार. गुरुवारी सकाळी साडेसातला करणसिंग गिरासे पिशवी, वर सांगितलेलं वाक्य आणि सरकारी मृदा आरोग्य पत्रिका घेऊन ओसरीवर हजर होते. पत्रिका त्यांनी पुरावा म्हणून आणली होती.

रुचिकानं समजावलं. "काका, पूर्ण माती नही बसावनी. एक ठोकळावर दोनशे छप्पन्नच चौकोन ऱ्हातस. सोळा आडवा, सोळा उभा."

इतर कुठल्याही गावात ही माहिती ठरली असती. म्हसावदला ज्याला चार बाजू असतात त्यावर कोणाचा तरी हक्क असतो. करणसिंगांनी चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि शांतपणे विचारलं, "ह्यामा मन्हा कोणता?"

दुपारी बारापर्यंत एकोणचाळीस पिशव्या आल्या. शुक्रवारी ओसरी कमी पडली म्हणून अंगणात ताडपत्री टाकावी लागली. हेमकांतनी चौकटीची वही घेतली, लाल पेन घेतलं आणि ते तलाठ्यासारखे बसले. फरक एवढाच की ते जागेवर सापडत होते. उत्तरेला डोंगराकडची वावरं, दक्षिणेला रस्त्याकडची, गावाच्या खऱ्या क्रमानं एकेकाला चौकोन मिळू लागला. रुचिका आत प्रत्येक मातीचा फोटो काढायची, रंग उचलायची, वहीतला नंबर बघून ठिपका भरायची. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, बोटं दुखायची, पण तिला थांबवत नव्हतं. काळा हा एक रंग नाही हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. निळसर काळा होता, तपकिरीकडे झुकणारा होता, राखेचा, विझलेल्या चुलीचा, ओल्या म्हशीचा होता.

"पोर, हाऊ ठोकळा खेळमा कितला ऱ्हातस?" एकानं विचारलं.

"मोजता येवाव नही. जठे खणशात तठे हाऊच. लाखो."

"म्हणजे हर ढेकळामा मन्हा तुकडा?"

"हर ढेकळामा."

"पोर्तुगालमा बी?"

"तठे कोणी खेळी ऱ्हायना, त तठे बी."

अंगणात मग सगळे एकदम बोलले. ज्याची तीन एकर होती त्याची आता पोर्तुगालपर्यंत होती, आणि खरेदीखत नको, मोजणी नको, सातबाऱ्याला हेलपाटे नकोत. दोघांनी घरी फोन करून पिशवीऐवजी पोतं आणायला सांगितलं.

ह्या आनंदात इंद्रसिंग गिरासे आले. इंद्रसिंग म्हणजे करणसिंगांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघांच्या वावरांमधल्या बांधावरून अकरा वर्षं वाद होता. त्यात तीन मोजण्या झाल्या होत्या आणि प्रत्येक मोजणीत बांध वेगळ्या ठिकाणी निघाला होता. भाऊ एकमेकांशी बोलत नसत, हेमकांतशी बोलत.

इंद्रसिंगांनी वही पाहिली. "हेमकांत, मन्हा चौकोन नि त्याना चौकोन चिकटी गया. बांध कोठे शे?"

"हेमकांत, त्याले सांग, बांध मन्हामाथीन जावाव नही," करणसिंग म्हणाले. ते भावापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते.

"हेमकांत, मन्हामाथीन त बिलकूल नही."

हेमकांतनी पेन खाली ठेवलं. शुक्रवारचे चार वाजले होते. रुचिका आतून लॅपटॉप घेऊन बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये बसली.

"काका, देखा. दोन्हीसना मधमा मी एक चौकोन मोकया करस. तो बांध."

"कोना बांध?" दोघांनी विचारलं.

"तुम्हनी मातीना रंग, नि त्यासनी मातीना रंग. दोन्हीसना बरोबर मधला. देखा." तिनं बटण दाबलं. चौकोन भरला.

दोघे भाऊ पडद्यावर वाकले. त्यांची डोकी एकमेकांना लागली.

"मशीनले कसं समजनं?" इंद्रसिंगांनी विचारलं.

"मशीनले भाऊबंदकी समजत नही, काका."

"तेनामुळेच समजनं," करणसिंग म्हणाले. हे त्यांनी हेमकांतना सांगितलं नाही, भावाला सांगितलं. चारुलतानं चहा आणला. ताटल्यांपाठोपाठ कपबश्याही मातीत अडकल्यामुळे दोघांना एकाच कपबशीत घ्यावा लागला. मोठ्यानं बशी घेतली, धाकट्यानं कप.

शनिवारी कौसाबाई आली. तिच्या पदराच्या टोकाला मूठभर माती बांधलेली होती. "मन्हं दोनच गुंठं शे. नालाकाठे. रेती शे बठ्ठी. चाली का, माय?"

"चाली, आजी."

"बाकीना हासतीन."

ते हसलेही. दोनशे पंचावन्न काळ्या चौकोनांत कौसाबाईचा एकच फिकट होता. कौसाबाई पडद्यापासून दहा पावलं मागे गेली, तिथून पाहिलं आणि म्हणाली, "मन्हंच दिसस." मग हसणाऱ्यांनीही मागे जाऊन पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

रविवारी साडेचारला शेवटचे ठिपके नीट होऊन माती झाली. रुचिका म्हणाली, "बाबा, आते गवत. दीड तास शे. आते कोणले मधमा येऊ देजा नका."

"गवत कसाले?"

"खेळमा जमिनीवर गवत ऱ्हास."

हेमकांतनी अंगणातल्या लोकांकडे पाहिलं. लोकांनी हेमकांतकडे पाहिलं. करणसिंग उठून उभे राहिले. एवढ्या अपमानाची त्यांना अपेक्षा नव्हती.

"मन्हा वावरमा गवत? जगले दाखाडानं? लोक सांगतीन, गिरासेना घरमा निंदाले माणूस नही."

"काका, ते शोभेनं ऱ्हास."

"तण शोभेनं ऱ्हास? आळशीना वावरमा ऱ्हास."

ह्यावर गावाचं एकमत झालं. अकरा वर्षांत दोन भावांचं झालं नव्हतं आणि पंचायतीत कधीच झालं नव्हतं, ते इथे झालं: म्हसावदचं वावर तण काढून, स्वच्छ निंदलेलं जाणार. रुचिकानं वडिलांकडे पाहिलं. आठवड्यापूर्वी ह्या माणसानं तिला डेअरीत बसवायचं ठरवलं होतं, आणि आता तोच लाल पेन कानाला लावून, मातीच्या हातानं दार अडवून उभा होता. "रुचू, ऱ्हाऊ दे गवत. त्यापेक्षा माती आखो एक डाव देखी ले. चौथी ओळमा मन्हा जरा जास्ती काया व्हई गया."

तिनं माती पुन्हा एकदा पाहिली. पाच बावन्नला, गच्चीवर नेट धरत होतं तिथे उभं राहून, तिनं पॅक पाठवला.

मंगळवारी संध्याकाळी पंचायतीच्या हॉलमधला मोठा टीव्ही लॅपटॉपला जोडला. तो टीव्ही ग्रामसभेसाठी घेतलेला होता आणि म्हणून आजवर कोणी बसून पाहिला नव्हता. आज उभं राहायला जागा नव्हती. रुचिका खुर्चीच्या टोकावर बसली होती. हेमकांतच्या हातात मोबाईल होता आणि त्यावर चुनीलालचा नंबर काढून ठेवलेला होता. हो म्हणायला की नाही म्हणायला, ते अजून ठरायचं होतं.

सॅम्युअल पडद्यावर आला. हडकुळा पोरगा, मागे कुडाची खरी भिंत. त्यानं सांगितलं की एकशे बारा पॅक आले. त्यानं तिसरा नंबर सांगितला, तो पुण्याचा होता. दुसरा सांगितला, तो ब्राझीलचा. रुचिकानं डोळे मिटले.

"एका पॅकमध्ये मी मातीचा ठोकळा उघडला," सॅम्युअल म्हणाला, "आणि मला वाटलं माझा स्क्रीन बंद पडला. मग मोठं करून पाहिलं. जवळजवळ सगळे काळे, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. मी रात्रभर ते बघत बसलो. एकच ठिपका फिकट आहे. कशाचा आहे कोण जाणे, पण नजर तिथेच जाते."

"दोन गुंठं!" कौसाबाई ओरडली.

पुढचं नाव कोणाला ऐकू आलं नाही. रुचिका खुर्चीवर चढली होती की कोणी चढवली होती, हे नंतरही नीट ठरलं नाही. इंद्रसिंगांनी करणसिंगांना उचललं. कोणाच्या तरी लग्नातली उरलेली फटाक्यांची माळ निघाली. चारुलता रडत होती आणि तिच्या हातात तिच्या सगळ्या ताटल्या होत्या. हेमकांतनी एका कानात बोट घालून फोन लावला. "चुनीलाल, दुसरा माणूस देख. मन्ही पोर कामवर शे."

नवी आवृत्ती उतरायला वीस मिनिटं लागली. हॉलमधून कोणी हललं नाही. मग काळ्या पडद्यावर अक्षरं आली: 'डोंगरपट्टी, सॅम्युअल गावित'. आणि त्याखाली, 'मैदान, रुचिका पाटील, म्हसावद'. हेमकांतनी ते मोठ्यानं वाचलं आणि पुन्हा वाचलं.

करणसिंग पहिल्या रांगेत सरसावले. भावाला त्यांनी शेजारी ओढलं. "पोर, आते लांब नको लाव. वावर दाखाड."

रुचिकानं खेळ उघडला. पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मैदान पसरलं. सगळं हिरवं होतं.

"हाई काय शे?"

"गवत," रुचिका म्हणाली. "आपण धाडं नही, म्हणीसन त्यासनं लागनं."

खेळातली सगळी जमीन गवताखाली असते, आणि गवत सॅम्युअलच्या नवापूरचं होतं.