घोटभर थांबणं

पितळी बिल्ला, कडा झिजून गुळगुळीत झालेला, वरचा आकडा डोळ्यांपेक्षा अंगठ्यालाच जास्त कळणारा... फोन दाराजवळच्या कप्प्यात ठेवायचा, बदल्यात हा घ्यायचा आणि आत जायचं. आज तो तळहातात कोमट होईपर्यंत ती दारातच उभी राहिली, कारण आत्ताच कप्प्यात गेलेल्या फोनवर दादाचा निरोप होता – ‘संध्याकाळी ये. तू हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही असं पोरीनेच ठरवलंय.’

भाचीने स्वतः पसंत केलेला मुलगा. त्याचं नाव काल दादाने फोनवर सांगितलं, कौतुकाने, आडनावासकट. आणि ते तिने आधी वाचलेलं होतं. इथेच, या दारापलीकडच्या बिनखिडकीच्या खोलीत, जिथे कागद वाचायचा आणि तिथेच सोडून यायचं, साधं टिपणही काढायचं नाही. नाव, नोकरी, शिक्षण, सगळं जुळत होतं. ती सुरक्षा खात्याची कायदा सल्लागार – म्हणजे इतरांनी जे करायचं ठरवलंय ते कायद्यात बसतं का, हे सांगणारी बाई. या माणसावर पाळत ठेवणं कायद्यात बसतं का? बसतं, असं तिने लिहिलं होतं. मग फाइल टेबलावरून गेली. पुढे काय निघालं ते सल्लागाराला कळवायची पद्धत नाही, आणि विचारायची तर नाहीच.

आता नियमाप्रमाणे तिने वरिष्ठांना सांगायला हवं होतं, की या व्यक्तीशी माझं नातं जुळू घातलंय. पण सांगितलं की त्या नावाखाली भाचीचं नाव येणार. जिला तिने सायकल शिकवली, जिचे दुधाचे दात रुमालात बांधून ठेवले, ती पोर एका ओळीची नोंद होणार – आणि ती नोंद कायद्यात बसते का, हे विचारायला फाइल बहुधा आत्याच्याच टेबलावर येणार. दुपारी ती वरिष्ठांच्या दारापर्यंत गेली.

“मॅडम, काही होतं का?”

“नाही... उद्या बोलू.”

“तुमचं उद्या म्हणजे सरकारी उद्या,” ते हसले, आणि तीही हसली, कारण हसणं सोपं होतं.

इतका थकवा... झोपेने न जाणारा. बसलं तरी पाठीवर कुणी बसलंय असं वाटायला लावणारा.

तिला या कामात तयार करणाऱ्या म्हाताऱ्या वकिलाने पहिल्याच आठवड्यात एक सवय लावली होती. कुणी काहीही विचारो – जेवलीस का, अमुक देशाशी बोलणी चालू आहेत का – उत्तरापूर्वी घोटभर थांबायचं, प्रत्येक वेळी तेवढंच. अडचणीच्याच प्रश्नाला थांबलीस, तर थांबण्यातूनच समोरच्याला कळतं, ते म्हणत. ती शिकली. घरात त्याची थट्टा झाली. हिला नाव विचारलं तरी आधी वरून मंजुरी मागवेल, असं दादा पाहुण्यांना सांगायचा. आणि ज्याच्याशी संसार मांडला होता त्याने एकदा विचारलं, तुला मी हवा आहे का... मी थांबले. हवा आहेस असंच म्हणणार होते. घोटभरच थांबले होते मी. पण तेवढ्यात त्याचा चेहरा मिटला, आणि मग म्हटलेलं हो कशालाच पुरलं नाही.

संध्याकाळी दादाच्या घरी चहा होता, दिवे होते, भाचीने नाकासमोर धरलेला फोन होता. त्यावर तो. फाइलमध्ये चेहरा नव्हता. इथे एक कान जरा बाहेर आलेला, उन्हाने डोळे बारीक केलेले, कुणीतरी फोटोबाहेरून हसवलेला असा. अजून नीट भेटलेलं नाही, भेटल्यावर सांगते, हे वाक्य तिने येताना वाटेवर घोटून ठेवलं होतं.

“बोल आत्या, कसा आहे?”

“चांगला आहे.”

तोंडातून निघूनही गेलं. मध्ये घोटभरही थांबणं नव्हतं.

“झटक्यात मंजुरी!” दादा ओरडला. भाची गळ्यात पडली. फक्त वहिनी कपात चहा ओतता ओतता थांबली, आणि तिच्याकडे बघत राहिली.

कप घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा वहिनीने नळ मोठा सोडला.

“तू अशी बोलत नाहीस कधी.”

“कशी?”

“पटकन. इतकी वर्षं बघतेय तुला.” वहिनी हळू बोलत होती. “तुला काही माहीत आहे का त्याच्याबद्दल?”

ती घोटभर थांबली. “मला काय माहीत असणार, वहिनी?”

वहिनीने मान हलवली, नळ बंद केला आणि हात पुसले.

जिना उतरताना ती मध्येच कठड्याला धरून उभी राहिली. ते न थांबता बोलणं चुकून झालं की आपण मुद्दाम केलं? लेखी मत द्यायचं असतं तर दोन्ही बाजूंनी देता आलं असतं. वहिनीला कळावं, असं वाटत होतंच की... सकाळपासून तेच तर वाटत होतं. आता वहिनी रात्री दादाशी बोलेल. मग दादा गप्प होईल, मग पोरीला हळूहळू समजावलं जाईल – आत्या काही बोलली नाही, पण तिला माहीत असतं. याने आपल्याला बरं वाटायला हवं होतं. आणि नेमकं आत्ता, भाचीचं हसू वरून जिन्यात उतरत असताना, तो बाहेर आलेला कान तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि पहिल्यांदाच मनात आलं की कदाचित काहीच निघालं नसेल. तो फक्त एक नाव असेल, चौकशीतून सुटलेलं, भाचीवर जीव असलेलं. वर जावं, वहिनीचा हात धरावा, म्हणावं तसं नाही गं... पण तसं नाही, हे तरी मला कुठे माहीत आहे?