पाखऱ्याचं आवतन

सौसरचा हर्षल माणूस वाईट नव्हता, पण जावई म्हणून भलता जड. मागच्या दिवाळीला रामाकोन्याहून सासऱ्याचा नुसता फोन आला, तर हा रुसून घरीच बसला. "फोनवर आवतन? मी काय गॅसवाला आहो?" म्हणून यंदा पोळ्यासाठी सासरे यशवंतराव दुखरा गुडघा घेऊन बसनं सौसरला गेले, हात जोडून बोलावून आले. तेव्हा कुठं स्वारी हलली.

आल्या आल्या हर्षलनं ओसरीवर बसून फुशारकी मारली, "आमच्या आजोबाकडे बारा बैल होते जी. बैलाचा सभाव मले डोळ्यावरून समजते." बायको सायलीनं कपाळाला हात लावला. गल्लीत गाय दिसली तरी हे गृहस्थ गाडी वळवून घेतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यशवंतराव मात्र हरखले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणीचा मान त्यांनी जावयालाच दिला. वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' एवढंच काम.

जोडीतला चांद्या बिचारा देवमाणूस. त्यानं मान पुढं करून आवतन घेतलं. पाखऱ्या जरा तिरसट. मागून आलेला माणूस त्याला खपत नसे. हर्षल नेमका मागूनच गेला. पाखऱ्यानं फुस्स केलं, शेपटीचा एक फटका दिला आणि बारा बैलांचा नातू तीन उड्यांत गोठ्याबाहेर! हातातलं लोणी जाता जाता खुंट्याला पुसलं. घरात येऊन छाती काढून सांगितलं, "दोघायलेबी देल्लं आवतन."

दुसऱ्या दिवशी चांद्या झूल पांघरून नवरदेवासारखा उभा राहिला. पाखऱ्या बसला तो बसलाच. दोघांनी ओढलं, चौघांनी मागून ढकललं. एकजण शेपटी पिळायला गेला, तर यशवंतराव ओरडले, "खबरदार! सणाच्या दिवशी हात नाई लावाचा." तिकडं गावच्या तोरणापाशी डफ वाजत होते. वीस वर्षांनी तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान यंदा यशवंतरावांना मिळाला होता. जोडी वेळेवर पोचली नाही, तर तो मान शेजारच्या दत्तात्रयाला जाणार होता. दत्तात्रय मिशीला पीळ देत दोनदा डोकावूनही गेला. यशवंतरावांचं तोंड एवढंसं झालं.

ते पाखऱ्याजवळ टेकले. त्याच्या खांद्यावर हात फिरवला. कोरडा ठणठणीत! मग त्यांची नजर खुंट्याकडं गेली. खुंटा पिवळाजर्द, वर मुंग्यांची रांग.

"जावईबापू, खुंट्याचा खांद त मस्त शेकला जी. आता खुंटाच नेतो तोरणात."

सायली फिसकन हसली. हर्षलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं मामाजी. भेव लागलं मले."

यशवंतराव रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाले आवतन द्याले मी सौसरले आलो. याच्यापाशी तुम्हाले धा पावलं यावाचं होतं. तुम्ही नसते उठले ना जी? मंग तो काहून उठन?"

हर्षलला वर बघवेना. त्यानं लोण्याची वाटी घेतली.

"समोरून जा," सासरे म्हणाले. "आधी हात हुंगू द्या. मंग गळ्याखाली खाजवा."

हर्षलनं समोर बसून हात पुढं केले. पाखऱ्यानं ते हुंगले, खरबरीत जिभेनं चाटले. हर्षलनं खांदा चोळला आणि कानाशी वाकून म्हणाला, "माफ करजो बाप्पा. आज आवतन घ्या, आजच जेवाले या." आता बैलाला आवतन कळलं की समोरून आलेला माणूस, ते पाखऱ्यालाच ठाऊक. पण तो उठला. उठताना जावयाच्या नव्या बुटावर खूर ठेवला आणि सावकाश काढला. हर्षलनं दात आवळून कासरा धरला.

दत्तात्रयाची जोडी पुढं सरकत होती, तेवढ्यात चांद्या-पाखऱ्या तोरणाखाली हजर! लंगडत का होईना, हर्षल पहिल्या जोडीचा कासरा धरून चालत होता.

घरी आल्यावर सायलीनं बैलांसाठी सुपात पुरणपोळ्या भरायला घेतल्या. ओसरीवरून यशवंतरावांनी हाक मारली, "जावईबापू, चाला जेवाले."

एरवी तीन हाकांशिवाय पाटावर न बसणारा हर्षल पहिल्याच हाकेला उठला.

"आलो जी मामाजी," तो म्हणाला. "पन आधी पाखऱ्याचं होऊ द्या."