वरची समोर, खालची समोर

आमच्या संयोगितेची एक खोड मला मुळीच पटत नाही. ती विचारत नाही. आज तीन दिवस आजोबाच्या पांढऱ्या मारुतीत डोकं खुपसून बसली आहे. मी गॅरेजात शेजारी खुर्ची टाकून बसलेली, पण "आज्जी, तुला काय वाटतं?" असा एक शब्द नाही. मोबाईल आत घालते, फोटो काढते, फोटोकडं बघून मान हलवते. सांगलीला डिप्लोमा केला म्हणून काय झालं? मी दुसरीतनं शाळा सोडली हे खरं. पण ज्या इंजिनात ती आज डोकावते, त्यात मी एकतीस वर्षं डोकावले आहे.

तिच्या आजोबांचं नाव मी घेत नाही, गॅरेजच्या पाटीवर आहे ते वाचावं. फौजेत गाड्या दुरुस्त करून आले आणि कोरेगावात हे गॅरेज टाकलं. ही मारुती त्यांची स्वतःची पहिली गाडी. तिचा टायमिंग बेल्ट पहिल्यांदा बदलायचा होता, तेव्हा हाताखालचा माणूस जत्रेला गेलेला. हे दारातनं ओरडले, "तुजा करंड्याचा आरसा आण." मला वाटलं, फौजी भांग पाडणार. तर आरसा माझ्याच हातात ठेवून मला इंजिनापाशी उभं केलं. वर म्हणतात कसे, "बांगड्या वर सरकव, न्हाईतर अडकतील."

त्या इंजिनाच्या कडेला दोन चाकं असतात, एक वर, एक खाली, आणि दोन्हींवरनं एक दातेरी रबरी पट्टा. प्रत्येक चाकावर एक खाच, तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर एक खूण. वरचीही समोर यायला हवी, खालचीही. मगच पट्टा चढवायचा. एखादा दात हुकला की गाडी मिसिंग मारते, दमेकऱ्यासारखी खोकते, हिसके देते. आणि जागा इतकी अरुंद, की पाना धरणाऱ्याला खूण दिसत नाही आणि खूण बघणाऱ्याला पाना धरता येत नाही.

"वरची?" हे विचारायचे.

"समोर," मी आरशात बघून सांगायची.

"खालची?"

"केसभर मागं. अजून. हां, समोर."

या माणसानं माझ्या आमटीला नावं ठेवली, माझ्या माहेराला ठेवली, पण माझ्या 'समोर'वर कधी संशय घेतला नाही. एकदा महाबळेश्वरला निघालो होतो. पसरणीच्या घाटात लोकांच्या गाड्या वाफा सोडत कडेला उभ्या, आणि आमची आपली गुणगुणत चाललेली. हे स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले, "बघ, तुजं समोर कसं चढतंय घाट." उभ्या संसारात केलेलं कौतुक ते एवढंच. मला पुरलं.

तीन वर्षांमागं याच गाडीचा पट्टा त्यांनी काढला आणि काम अर्धं असताना अंथरुणाला खिळले. इंजिन उघडंच राहिलं. ते गेले, गाडीवर ताडपत्री पडली. आता माझा लेक उदयसिंह, साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो, त्यानं पोरीला बजावलं, "शुक्रवारपातूर गाडी चालू केलीस तर गॅरेज तुजं. न्हाईतर गाडी मिरजेच्या भंगारवाल्याला, शटर बंद, आन् तू पुण्याला कंपनीत."

पोरीनं नवा पट्टा घातला. गाडी चालू झाली म्हणायची. खोकली, हादरली, बंद पडली. पुन्हा काढला, पुन्हा घातला. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. गुरुवारी सकाळी उदयसिंह दारात येऊन उभा राहिला.

"झालं का समाधान?"

"पप्पा, टायमिंग बरोबर हाय. वरच्या पुलीवर आजोबांची खूण हाय, लाल ठिपका. कंपनीची खाच दोन दात मागं हाय. पण आजोबांनी ठिपका पुढं दिलाय तो काहीतरी विचार करूनच दिला असणार."

लाल? मी खुर्चीतनं उठले. हे खूण करायचे ती पांढऱ्या रंगानं. फौजेतली सवय, जन्मात लाल डबा उघडला नाही. मी करंड्याचा आरसा आणला आणि आत धरला. चाकावर ठिपका होता. अनामिकेच्या टोकाएवढा, गोल. माझ्या अनामिकेच्या.

ते साताऱ्याला दवाखान्यात होते तेव्हा खंडेनवमी आली. गॅरेजातली हत्यारं बिनपूजेची कशी ठेवायची? करंडा घेऊन मी एकटी आले. तेलकट लोखंडाला कोरडं कुंकू धरेना, म्हणून इंजिन ऑइलातच कालवलं. पाना, पक्कड, हातोडी, सगळ्यांना लावलं. मारुती उघडी होती, वरचं चाक समोर दिसलं, त्यालाही लावलं. म्हटलं, यांना घरी येऊ दे. कोजागिरीच्या आत हे गेले. माझ्या कपाळावरचं बायकांनी पुसलं. चाकावरचं राहिलं होतं.

मी आरसा काढून घेतला आणि "चहा टाकते" म्हणून घरात गेले. खोटं कशाला सांगू, दुपारपर्यंत गप्प बसले. सांगावं तर चूक माझी, तीही लेकासमोर. आणि ठिपका पुसावा लागणार. न सांगावं तर गाडी जाणार, ठिपक्यासकट. मग गॅरेजातनं आवाज यायला लागला. पोरगी यांच्या लोखंडी पेटीत एकेक पाना मोजल्यासारखा टाकत होती. आवराआवर चालली होती. मी चहाचा ग्लास घेऊन बाहेर आले.

"ती खूण तुज्या आजोबाची न्हाई. माजी हाय."

"तुझी?"

"खंडेनवमीचं कुंकू हाय ते."

उदयसिंह फिस्सकन हसला. "म्हंजे तीन दिस ही कुंकवावर टायमिंग लावतीया?"

मी म्हटलं, "तू हसू नगंस. तुला पुली कंची आन् पट्टा कंचा हे कळत न्हाई."

संयोगितेनं फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं, आत हात घातला आणि थांबली. माझ्या कपाळाकडं बघितलं. फडकं माझ्या हातात दिलं.

कपाळावरचं दुसऱ्यांनी पुसलं होतं. हे मी पुसलं. एका हातासरशी निघालं.

तिनं पट्टा सैल केला, पाना धरला. मी आरसा धरला. आता हातात बांगड्या नव्हत्या, तरी सवयीनं मनगटावरनं बोटं वर सरकवली.

"वरची?" ती म्हणाली. लहानपणी दारात खेळताना ऐकलेलं असणार.

"समोर."

"खालची?"

"केसभर मागं. जरा अजून. हां, समोर."

पट्टा चढवला. पान्यानं इंजिनाला दोन पुरे फेरे दिले, पुन्हा बघितलं. दोन्ही समोर. तिनं किल्ली फिरवली. एकदा खोकली, आणि मग अशी गुणगुणायला लागली की बॉनेटवर ठेवलेल्या चहात लाट उठेना. उदयसिंह फोन घेऊन बाहेर गेला. "उद्या टेम्पो आणू नका," एवढं मला ऐकू आलं.

पोरगी बाहीनं डोळे पुसत माझ्यासमोर आली. गालावर काळं फासून घेतलेलं. "आज्जी, सकाळी दिसलं तवाच का न्हाई सांगितलंस?"

मी आरसा करंड्यात ठेवला आणि म्हणाले, "तू इचारलं न्हाईस म्हणून फुगून बसले, ही माजी चूक. पन तुजी मोठी. मेलेल्या आजोबाचं एवढं ऐकतीस, आन् जित्या म्हातारीला एक सबुद इचारायला जीभ झिजती व्हय गं? आता ऐक. गॅरेज तुजं, पाना तुजा. आरसा मातूर माज्याकडंच ऱ्हाईल."