ठिपकू भडकला

वेधशाळेत आम्हा नणंद-भावजयांचं काम एकच. आकाशाचा जुना फोटो आणि नवा फोटो यंत्रात शेजारी लावायचे, भिंगाला डोळा लावायचा आणि खटका दाबत बसायचं. खटक्यासरशी कधी जुना दिसतो, कधी नवा. सगळे तारे गप्प बसतात. ज्याचं काही बदललंय तो तेवढा उड्या मारतो.

तिथे प्रत्येकीने एक तारा दत्तक घ्यायची रीत होती. वन्संनी घेतला धुळीत गुरफटलेला, अजून पुरता न घडलेला एक कोवळा तारा. नाव ठिपकू. पुढे त्यांना दिवस गेले, तर पोटातल्या बाळालाही त्या ठिपकूच म्हणायला लागल्या.

एक दिवस दुपारी त्या अशा किंचाळल्या, की छतावरची कबुतरं उडाली ती अजून परतलेली नाहीत.

"वहिनी, ठिपकू फुटला!"

मी बघितलं. मोहरीएवढा होता, त्याचा बटाटा झालेला. काच पुसली, फोटो काढून पुन्हा लावला. हा आपला उड्या मारतोच आहे!

वन्संनी पोटावर हात ठेवला. "आणि सकाळपासून हाही हलला नाहीये हो."

"झोपला असेल. बापावर गेलाय."

"थट्टा नको, वहिनी!"

थट्टा कसली, माझीच बोबडी वळली होती. पोटाला कान लावला. आत चिडीचूप.

आरडाओरडा ऐकून मोठे साहेब धावत आले, भिंगात बघितलं आणि टाळ्याच पिटायला लागले. "अहो, फुटला कुठला? जेवतोय तो! भोवतीची धूळ एकदम पोटात गेली की असे कोवळे तारे शंभरपट भडकतात. आता वर्षानुवर्षं झळकत राहील!"

वन्संचं रडं थांबेना. "तो जेवतोय. आणि हा?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. "वन्सं, तुम्ही आज काय खाल्लंत?"

"मळमळत होतं. काहीच नाही."

मी साहेबांच्या हातातला चहा हिसकावला, मूठभर साखर कोंबली आणि वन्संना पाजला. मग तिघं श्वास रोखून पोटाकडे बघत बसलो. भिंतीवरचं घड्याळसुद्धा भीतीने थांबलं होतं, खोटं नाही सांगत.

वन्संनी रिकामी बशी पोटावर टेकवली मात्र, आतून अशी लाथ बसली की बशी उडाली ती थेट साहेबांच्या टकलावर!

"भुकेला होता हो माझा ठिपकू!" वन्सं रडता रडता हसायला लागल्या.

साहेबांना टेंगूळ आलं. तेही वर्षानुवर्षं झळकत होतं.