दिसलं की मोजलं?

मी एक जुने, दुतोंडी घड्याळ आहे. मित्रांनो, हसू नका. माणसाला दुतोंडी म्हटले की त्याला राग येतो, पण माझ्या बाबतीत ती सरळसरळ खरी गोष्ट आहे. मला दोन तोंडे आहेत, एकाच लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवलेली. बुद्धिबळ खेळणाऱ्या दोघांपैकी ज्याची चाल असेल त्याचे तोंड टिकटिकते आणि दुसरे गप्प बसते. चाल खेळून झाली की खेळाडू माझ्या डोक्यावरची कळ दाबतो. लगेच त्याच्या बाजूचे तोंड मिटते आणि समोरच्याचे उघडते. दोन्ही तोंडांनी एकदम बोलल्याचे मला तरी आठवत नाही. हे तुमच्यापैकी किती जणांना जमते, ते तुमचे तुम्हीच बघा.

माझा जन्म एका घड्याळजीच्या दुकानात, जिन्याखालच्या टेबलावर झाला. गजराची दोन घड्याळे कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरून गेले होते. त्यांच्या आतड्यांपासून घड्याळजींनी मला बनवले. माझे दोन छोटे झेंडे त्यांनी बिस्किटाच्या डब्याच्या लाल पत्र्यातून कापले. तबकडीवर आकडे काढायचा मात्र त्यांना कंटाळा आला, म्हणून नुसते ठिपके दिले. त्यांच्या बायकोने पेटीला तेल चोळता चोळता विचारले, "अहो, आकडे राहिले की!" ते म्हणाले, "असू दे. वेळ कळायला आकडा कशाला लागतो?" हा आळस पुढे कुणाच्या तरी कामी येईल, असे तेव्हा त्या दोघांना काय, मलाही वाटले नव्हते.

मला न्यायला आल्या त्या एक तरुण परिचारिका. गावातल्या बुद्धिबळ मंडळाच्या त्या चिटणीस होत्या आणि सगळे त्यांना सिस्टर म्हणत. घड्याळजींनी त्यांना माझी किल्ली दाखवली आणि बजावले, "फेरे मोजून द्यायचे. पण थांबायचं मात्र बोटाला विचारून. बोट पुरे म्हणालं की पुरे. आणखी एक पीळ द्यायला गेलात तर स्प्रिंग तुटलीच समजा."

"आमच्याकडे इंजेक्शनचं असंच असतं," सिस्टर म्हणाल्या. त्या दोघांचे तिथेच जमले.

आमचे मंडळ एका बेकरीच्या वरच्या खोलीत भरायचे, दर रविवारी दुपारी. खाली भट्टी, त्यामुळे जमीन कायम कोमट असायची. थंडीत लोक बूट काढून खेळायचे. मित्रांनो, ते दिवस माझ्या वैभवाचे होते! एक वकील डाव हरू लागले की माझी कळ अशी हाणायचे, जणू मीच विरुद्ध पक्षाचा साक्षीदार. दातांचे डॉक्टर मात्र इतके हळू दाबायचे की मला कळायचेही नाही. आणि माझ्या झेंड्याचा दरारा तर विचारूच नका. वेळ संपत आली की मिनिटकाटा त्याला हळूहळू उचलू लागतो. काटा माथ्यावर पोचला की झेंडा पडतो, आणि पटावर तुमचा कितीही वरचष्मा असला तरी तुम्ही हरता. भल्याभल्यांना मी त्या इवल्याशा पत्र्याकडे बघून घाम पुसताना पाहिले आहे.

डाव संपला की आमच्या खोलीत एक रीत होती. दोघांनी तो डाव पुन्हा मांडायचा आणि महत्त्वाच्या चालीपाशी सिस्टर विचारायच्या, "ही चाल दिसलं म्हणून खेळलास की मोजलं म्हणून?" पुढे पुढे त्याचे नुसते "दिसलं की मोजलं?" एवढेच उरले. न मोजता आतून सुचली असेल तर "दिसलं" म्हणायचे. मी असा गेलो तर तो असा येईल, असा हिशेब केला असेल तर "मोजलं". खोटे बोलायचे नाही.

"यातलं बरोबर कोणतं?" नवीन माणूस हटकून विचारायचा.

"दारातून रोगी आत आला की त्याच्या चेहऱ्यावरून मला कळतं काय झालंय ते," सिस्टर सांगायच्या. "पण म्हणून ताप न मोजता मी कधी गोळी दिली नाही. आणि ज्याला धाप लागलीय, त्याचा ताप मोजत बसले नाही."

मग एके वर्षी डिजिटल घड्याळे आली. काळी, चपटी, बॅटरीवर चालणारी. सेकंदासेकंदाचा आकडा दाखवणारी. लोक त्यांच्यावर लट्टू झाले. मला कुणी टाकून दिले नाही, हे खरे. पण वाऱ्याने खिडकीचे दार आपटू नये म्हणून मला त्याच्यापुढे टेकू म्हणून ठेवले. ज्याच्यापुढे वकील घामाघूम व्हायचे, त्याने आता एक खिडकी सांभाळायची! खालून उडणारे पीठ माझ्यावर बसायचे आणि मी दोन्ही तोंडे मिटून गप्प राहायचे. खोटे कशाला सांगू, फार वाईट वाटायचे.

त्या खिडकीत बसूनच मी मोजणीताईंना पहिल्यांदा पाहिले. त्या जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरीला होत्या. शेताची हद्द असो की चहातली साखर, मोजल्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडत नसे. डाव खेळताना उजवा हात पटापाशी आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर. हा गेला की तो, तो आला की हा, एकेक पेर पुढे. खेळ फार सुरेख. पण डाव हातात आलेला असायचा आणि वेळ हातातून गेलेली असायची.

शेजारच्या गावाशी आमचा दरवर्षी सामना होई, पाच पटांवर. मोजणीताई दर वेळी संघाबरोबर जायच्या, पण राखीव म्हणून. राखीव खेळाडूचे काम म्हणजे सगळ्यांच्या पिशव्या सांभाळणे आणि चहा आला की कप वाटणे. पाचव्या पटावर बसायचे पाववाले काका, खालच्या बेकरीचे मालक. ते मोजणीताईंच्या अगदी उलट. समोरच्याने कळ दाबली न दाबली तोच यांची चाल खेळून झालेली. काळ्या सोंगट्यांवर त्यांच्या पिठाच्या बोटांचे ठसे उमटायचे.

"काका, तुम्ही विचार कधी करता हो?" ताईंनी एकदा विचारले.

"अगं, मी विचार करत बसलो तर खाली पाव जळतील!"

सिस्टरांनी विचारले की काका छाती पुढे काढून सांगायचे, "दिसलं!" वजीर फुकट घालवला तरी तेच, "दिसलं!"

त्या वर्षी संघ निवडायची वेळ आली, तेव्हा ताई सिस्टरांना खिडकीपाशी घेऊन आल्या. मी तिथेच होते, त्यामुळे सगळे ऐकले.

"सिस्टर, यंदा जागा मिळाली नाही तर मी खेळणं सोडणार. अगदी खरं सांगतेय. पिशव्या सांभाळायला मी बुद्धिबळ शिकले नव्हते." त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर कायम पट मांडलेला असतो, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले होते. ते टेबल रिकामे झालेले माझ्या डोळ्यांपुढे आले.

सिस्टर आता थकल्या होत्या, पण नजर तीच. त्या म्हणाल्या, "काकांशी एक डाव खेळ. जिंकलीस तर जागा तुझी. बरोबरी झाली तर मात्र त्यांची, कारण आज ते तिथे बसलेत. आणि एक सांगू? तू पटाकडे बघतेस त्याहून जास्त त्या डिजिटलकडे बघतेस. चार मिनिटं अकरा सेकंद, चार मिनिटं दहा सेकंद. चालीही मोजायच्या आणि सेकंदही! डोकं आहे की तराजू? तुला आकडे नसलेलं घड्याळ पाहिजे."

असे म्हणून त्यांनी मला उचलले. त्याबरोबर मागचे खिडकीचे दार धाडकन आपटले आणि आख्खी खोली दचकली. माझ्या पुनरागमनाला याहून मोठी सलामी कोण देणार!

सिस्टरांनी कापसाने माझी धूळ पुसली, तेलाचे थेंब सोडले, फेरे मोजले आणि बोटाला विचारून थांबल्या. दोन्ही तोंडे पाळीपाळीने बोलू लागली. त्यानंतर कित्येक रविवार ताई माझ्यासमोर बसून शिकल्या. साध्या चाली हातावर सोडायच्या. आतून काही खटकले, तरच अंगठा पेरांवर. सुरुवातीला त्या चिडायच्या. "किती वेळ उरलाय ते कळतच नाही याच्यात!" म्हणायच्या. मग हळूहळू माझ्याकडे बघणे कमी झाले.

तो डाव एका रविवारी दुपारी झाला. मंडळातले सगळे भिंतीला टेकून उभे होते. पांढऱ्या सोंगट्या ताईंकडे, काळ्या काकांकडे. ताईंनी पहिल्या चाली झरझर खेळल्या आणि काकांच्या भुवया वर गेल्या. मधल्या गर्दीत मात्र जुनी खोड उफाळून आली, पेरांवर पेरे मोजली गेली, आणि ताईंच्या बाजूचा माझा झेंडा उचलला जाऊ लागला. पण तोवर काकांकडे उरले होते फक्त कोपऱ्यातला राजा आणि एक हत्ती. ताईंकडे राजा, हत्ती आणि एक प्यादे. ते प्यादे वजीर व्हायला एकच घर बाकी होते.

आणि मग कधी नव्हे ते काका विचार करू लागले. खालून काकूंनी हाक मारली, "अहो, भट्टी!" काका जागचे हलले नाहीत. माझे त्यांच्या बाजूचे तोंड इतका वेळ कधी बोलले नव्हते. शेवटी त्यांनी आपला हत्ती उचलला आणि ताईंच्या राजाच्या अगदी पुढ्यात ठेवला. शह! हत्ती चक्क फुकट.

ताईंचा हात पुढे गेला. आमच्याकडे नियम असा, की सोंगटीला हात लागला की तीच खेळायची. बोट राजापासून तसूभर अंतरावर असताना हात थांबला. त्या फुकटेपणातच काहीतरी खटकले होते. अंगठा पेरांवर गेला. काकांच्या राजाशेजारचे पहिले घर प्याद्याने अडवलेले. दुसरे नि तिसरे ताईंच्या राजाने. हत्ती मारला तर काकांकडे खेळायला चालच उरत नव्हती. शह नाही आणि चालही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. म्हणजे जागा काकांची.

ताईंनी राजा हळूच बाजूला घेतला आणि माझी कळ दाबली.

काकांनी तोच हत्ती पुन्हा पुढ्यात आणून ठेवला. ताई पुन्हा सरकल्या. पुन्हा हत्ती, पुन्हा ताई एक घर पुढे. आता त्या मोजत नव्हत्या. सापळा एकदा कळला होता, पावले आपोआप पडत होती. चौथ्यांदा हत्ती आला तेव्हा त्यांनी एकच पेर चाचपले. राजा इतका लांब चालत आला होता, की काकांच्या राजाला एक घर मोकळे झाले होते. आता हत्ती मारायला हरकत नव्हती. त्यांनी मारला. काकांचा राजा त्या एकुलत्या एका घरात गेला.

आता उरले काय? प्यादे पुढे ढकलायचे आणि वजीर करायचा. भिंतीला टेकलेले सगळे मनात ओरडत होते, वजीर कर! मीसुद्धा. झेंडा पार आडवा झाला होता. ताईंचे बोट प्याद्याच्या डोक्यावर आले, पण अजून टेकले नव्हते.

आणि तिथेच अडले. अंगठा पेरांवरून धावला. एक, दोन, तीन, चार, पाच. नवा वजीर आला की काकांच्या राजाभोवतीची सगळी घरे बंद, आणि शह नाही. पुन्हा बरोबरी! ताईंनी हात मागे घेतला, मान वर केली आणि आख्ख्या पटावरून एकदा नजर फिरवली. पार खालच्या ओळीत त्यांचा हत्ती विसरल्यासारखा उभा होता. त्यांनी तो सरळ ओळीने कडेपर्यंत सरकवला, काकांच्या राजासमोर. आणि कळ दाबली.

माझे ते तोंड मिटले. झेंडा तसाच लटकत राहिला. तो मी धरून ठेवला, असे काही जण अजून म्हणतात. साफ खोटे! मी कधी कुणाची बाजू घेत नाही. मनातल्या मनात घेतली असेल, तर ते वेगळे.

काका पटावर वाकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पिठाचे बोट घराघरावर ठेवून मोजले. "अरेच्चा," ते म्हणाले, "मात की हो!" आणि टेबलावरून हात पुढे करून त्यांनी ताईंचा हात गदागदा हलवला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते पुसताना गालाला पीठ लागले.

सिस्टर पुढे आल्या. त्यांनी त्या हत्तीवर बोट ठेवले. "दिसलं की मोजलं?"

ताईंनी प्याद्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "प्यादं दिसलं होतं. मोजलं, तेव्हा हत्ती दिसला."

सिस्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग काकांकडे वळून विचारले, "आणि तुमचा तो फुकटचा हत्ती हो, काका?"

काकांनी इकडेतिकडे पाहिले. चोरी पकडल्यासारखे तोंड करून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मोजलं."

आख्खी खोली हसली. त्याच वेळी खालून करपल्याचा वास आला आणि काका जिन्याकडे धावले.

यंदा पाचव्या पटावर मोजणीताई बसणार आहेत. पाववाले काका राखीव आहेत. पिशव्या तेच उचलणार आणि कपही तेच वाटणार. त्यांच्या पिशवीत कापडात गुंडाळलेले मी असेन. तिकडे डिजिटल घड्याळेच वापरतात, पण ताई म्हणाल्या की मी नुसते सोबत असले तरी पुरे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी असेल. कपाटावर, खिडकीत, धूळ खात पडलेले. त्याला एकदा उचलून पुसा, तेलाचा थेंब द्या. किल्ली दिली तर फेरे जरूर मोजा. पण एवढे आठवणीने करा, की शेवटचा पीळ देण्याआधी थांबा आणि बोटाला विचारा. आज सकाळी ताईंनी मला किल्ली दिली. त्या पुटपुटत फेरे मोजत होत्या, मग मध्येच मोजायच्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "पुरे."