सुकलूच्या कोपऱ्यातलं धान

रीनाने धानाची सगळी बांधी कापली, पण नवऱ्याच्या कबरीभोवतीचा कोपरा उभाच ठेवला. सुकलूची कबर शेतात होती, कारण ख्रिस्ती माणसाला मसणवट्यात जागा नाही, असं गावाने दोन वर्षांपूर्वी ठणकावून सांगितलं होतं. तेव्हा वाट अडवून सगळ्यात पुढे बसली होती ती इंदुताई. रीना ते विसरली नव्हती आणि तिला विसरायचंही नव्हतं.

कोपरा राखायची रीत सुकलूचीच. शेताच्या कडेचं पीक गरिबाचं आणि परक्याचं, ते आपण कापायचं नाही, ही बायबलातली गोष्ट त्याला मनापासून पटली होती. दर हंगामात कोणी ना कोणी येऊन ते धान नेई. यंदा हत्तींचा कळप इंदुताईच्या बांधीत शिरला आणि तिचं उभं पीक चिखलात गेलं. आता ती रीनाच्या कोपऱ्यावर येणार, अशी गावात कुजबुज सुरू झाली आणि रीनाचे थोरले दीर धनराज तावातावाने शेतात आले.

धनराज म्हणजे गावातल्या चार ख्रिस्ती घरांचे पुढारी. आपला शब्द खाली पडलेला त्यांना खपत नसे. त्यांनी फर्मावलं, कोपरा आजच कापून टाक. तो मोशेचा नियम यहुद्यांचा, आपल्याला लागू नाही. द्यायचंच असेल तर आपल्यातल्या एखाद्या विधवेला दे. ऐकलं नाहीस तर प्रार्थनेत प्रभुभोजनाची भाकर मिळू देणार नाही.

रीनाचं डोकं सणकलं. यहुदी तिला नुसते ऐकून माहीत नव्हते, ओळखीचे होते. मुलचेऱ्याच्या दवाखान्यातल्या रिबेका सिस्टर अलिबागकडच्या बेने इस्राएल यहुदी, शनिवार कडक पाळणाऱ्या. सुकलूच्या आजारपणात त्या दोघींचं बोलणं या कोपऱ्यावर आलं होतं. आमच्यातही हेच आहे, सिस्टर म्हणाल्या होत्या, आणि ते धान कोणी न्यायचं हे मालकाने ठरवायचं नसतं.

"येशू कोणाच्या घरी वाढला, भाऊजी?" रीनाने विचारलं. "यहुद्याच्याच ना? त्याच्या मायनं त्याले हेच शिकवलं असंन. मंग मले काऊन लागू नाई?"

धनराजांचा आवाज चढला. "माह्या भावाच्या कबरीपाशी ती बाई येईन? माफ केलं तुनं तिले?"

"नाई केलं. मले अजून जमून नाई राह्यलं," रीना म्हणाली. "पण मी तिले काई देऊनबी नाई राह्यली. हा कोपरा माहा नाई, तुमचाबी नाई. प्रभुभोजन तुमच्या हाती हाय, ते नका देऊ."

धनराज पाय आपटत निघून गेले. रीनाला कसलाही पस्तावा नव्हता.

दुपारी इंदुताई विळा घेऊन आली. तिने रीनाकडे पाहिलं नाही. कबरीला लांबून वळसा घालून ती पार पलीकडच्या टोकाला जाऊन वाकली.

"तिकून नाई, बाई," रीना म्हणाली. "इकून सुरू करा. त्याच्यापासून."

इंदुताई विळा सावरत उठली. मग ती कबरीपाशी आली, पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि कापायला बसली.