कारण: चाल्या

नायराने केसातला आकडा काढून सेन्सरची खाच खरवडली, तशी वाळलेल्या बिअरने चिकटलेली कागदाची गुलाबी टिकली बाहेर आली.

झाकण उघडताच दुधाच्या पिशव्या कापणारं यंत्र थांबायला हवं होतं. सकाळी ते थांबलं नाही. त्यावर काम करणाऱ्या दामियानाची बोटं वाचली, नख तेवढं गेलं.

एल आल्तो शहरातल्या त्या डेअरीत बिघाडांची नोंद ठेवायची पद्धत नायरानेच सुरू केली होती. बिघाड लिहायचा, कारण शोधायचं, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय करायचा. चिठ्ठ्या टाकायला भिंतीवर लाल पेटी टांगली होती. आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्यांत कारण एकच होतं: धूळ.

"आताही धूळच लिहा, इंजिनियरबाई," कासियानोकाका मागून म्हणाले. ते सर्वांत जुने मेकॅनिक. कार्निव्हलच्या मंगळवारी यंत्रांवर बिअर शिंपडून टिकल्या उधळायचा, म्हणजे चाल्या करायचा मान त्यांचाच.

"धूळ गुलाबी कधीपासून झाली, काका?"

"साहेब चाल्याच बंद करतील हो! वर्षभर राबणाऱ्या यंत्राला घोटभर पाजायचं नाही? धरतीमायला काय तोंड दाखवू मी?"

"आणि दामियानाला?"

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

नायरा लहानपणापासून वडिलांच्या ट्रकवर बिअर शिंपडत आली होती. तिचा हात अडला. शेवटी तिने लिहिलं, 'कारण: चाल्या.' खाली चाल्या बंद न पाडणारा उपाय लिहिला आणि त्यासाठी साहेबांशी तासभर भांडली. त्यांनी नाखुशीनेच सही केली. काकांनी मात्र तिच्याशी बोलणंच टाकलं.

पुढच्या कार्निव्हलला काका बिअर घेऊन आले. बंद यंत्राच्या प्रत्येक सेन्सरवर त्यांनी प्लास्टिकची पिशवी चढवून रबर लावलं आणि मग बिअर शिंपडली. नंतर पिशव्या काढल्या, यंत्र चालू केलं आणि झाकण उघडून ते थांबतं का पाहिलं. थांबलं. दामियाना दोन्ही हातांनी टिकल्या उधळत होती.

मग काका लाल पेटीपाशी गेले.

"काका, ते काय यंत्र आहे?"

"राबते ना वर्षभर? हिच्यामुळेच आपला चाल्या टिकला. उपकार विसरू होय?"

नायराला हसू आलं.

काकांनी बाटली उचलली, पण थांबले. खिशातून एक पिशवी काढून त्यांनी पेटीच्या फटीवर नीट चढवली, रबर लावलं, आणि मगच बिअर शिंपडली.